साडेतीन मिनिटांत सुटका

स्टीव्ह कट्सची ‘मॅन’ (२०१२) तुम्हीही कधीतरी फॉरवर्ड केली असेल. मी पर्यावरण दिनाला ऑफिसच्या ग्रुपवर टाकली होती. ग्रीगच्या धावत्या संगीतावर एक माणूस सापांचे बूट करतो, जंगलं कापतो, कचऱ्याच्या ढिगावर राजासारखा बसतो. शेवटी परग्रहवासी येऊन त्याचंच पायपुसणं करतात. ग्रुपवर हसण्याच्या इमोजींचा पाऊस. विनोद भारीच आहे, पण माझी तक्रार तिथेच आहे. शिक्षा ‘त्या’ माणसाला झाली, हिशेब मिटला, आपण मोकळे.

फ्रेडरिक बॅकची ‘द मॅन हू प्लान्टेड ट्रीज’ (१९८७) अर्ध्या तासाची. पहिल्यांदा मी ती दीडपट वेगाने लावली. काहीच हाती लागलं नाही. मग नीट पाहिली. त्यातला मेंढपाळ रात्री ओकच्या १०० बिया निवडून ठेवतो. १ लाख पेरल्या, २० हजार उगवल्या, त्यातल्याही निम्म्या जातील हे तो धरूनच चालतो. दिवसभर बग्ज निस्तरणाऱ्या मला हा माणूस ओळखीचा वाटला. कट्स सगळं कसं बिघडलं ते दाखवतो. दुरुस्तीत किती वाया जातं, ते बॅककडे दिसतं.

हीसुद्धा ग्रुपवर टाकली. एकाने विचारलं, ‘‘छोटं व्हर्जन आहे का रे?’’