एक प्लॅटफॉर्म, अनेक माणसं

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस मोबाइल अ‍ॅपच्या फ्रेमवर्कवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण प्रश्न जुनाच आहे. वैशेषिकांनी 'सामान्य' आणि 'विशेष' हे दोन्ही पदार्थ मानले. त्यांचा 'विशेष' काटेकोर अर्थाने निराळा. मी तो शब्द आज जरा सैलपणे वापरणार आहे.

चाकणपासून सुरुवात करू. तिथल्या फोक्सवॅगन समूहाच्या कारखान्यात कुशाक, टायगुन, स्लाविया, व्हर्टस या गाड्या एकाच प्लॅटफॉर्मवर बनतात. त्याचं नाव एमक्यूबी ए-झिरो आयएन. शेवटची दोन अक्षरं भारताची, कारण मूळ प्लॅटफॉर्म बाहेरचा असला तरी तो इथल्यासाठी बदलून घेतला.

अ‍ॅपच्या जगातही हेच स्वप्न आहे: एकदा लिहा, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालवा. फेसबुकने २०१५ साली रिअ‍ॅक्ट नेटिव्ह सर्वांना खुलं केलं. गूगलच्या फ्लटरची १.० आवृत्ती डिसेंबर २०१८मध्ये आली. दोघांची रीत वेगळी. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह त्या त्या फोनचीच बटणं वापरतं. फ्लटर कोरी पाटी घेतं आणि बटण, अक्षर, सगळं स्वतः रंगवतं. म्हणून अ‍ॅप सगळीकडे सारखं दिसतं. हा त्याचा मोठा गुण मानतात. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

आमच्या शेजारचे एक गृहस्थ, पन्नाशीचे, चाकणला ठेकेदाराकडे कामाला जातात. हजेरी फ्लटरमध्ये बनवलेल्या अ‍ॅपवर. चष्मा जवळ नसतो म्हणून त्यांनी फोनमधली अक्षरं मोठी केलेली. एके दिवशी अ‍ॅपची नवी आवृत्ती आली आणि 'हजेरी नोंदवा' हे बटण पडद्याखाली गेलं. दाबणार कसं? अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली.

दोष फ्लटरचा का? माझ्या मते नाही. मोठ्या अक्षरांसाठी पडदा सरकता ठेवायची सोय त्यात आहे. मजकूर चौकटीबाहेर गेला तर बनवणाऱ्याला ते पिवळे-काळे पट्टे दाखवून इशारासुद्धा देतं. मात्र तयार अ‍ॅप लोकांच्या हाती गेल्यावर ते पट्टे दिसत नाहीत. मजकूर नुसता कापला जातो. म्हणजे आधीच कोणीतरी मराठीत, मोठ्या अक्षरांत, स्वस्त फोनवर ते उघडून पाहायला हवं होतं.

फ्रेमवर्क 'सामान्य' सांभाळतं, आणि ते चोख सांभाळतं. 'विशेष' सांभाळणं हे माणसाचं काम. चूक होते ती तेही काम साधनाने केलं असेल, असं गृहीत धरण्यात. दोन फोनवर अ‍ॅप सारखं दिसलं म्हणजे दोन माणसांना ते सारखंच वापरता आलं, असं होत नाही.

तुमच्यापैकी जे हिंजवडीत अ‍ॅप बनवतात त्यांना एवढंच सांगतो. पुढची आवृत्ती सोडण्याआधी गेटवरच्या वॉचमनकाकांना विनंती करा, त्यांच्या फोनवर अक्षरं मोठी करा आणि त्यांनाच हजेरी लावायला सांगा. तुमच्या अ‍ॅपचं 'आयएन' तिथे ठरेल.

आता प्रश्न घेऊ.