लेस्टर खाली गेलं ते कोणामुळे?

कार्यकारणभाव शिकायचाय? मग रिसर्च मेथडॉलॉजीचं पुस्तक जरा बाजूला ठेवा आणि लेस्टर सिटीच्या चाहत्यांचं भांडण ऐका. 'हे कोणामुळे झालं?' या प्रश्नावर एवढा जीव टाकणारे लोक आपल्या सेमिनारमध्येही सापडत नाहीत.

फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ, प्रत्येकाचे ३८ सामने. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १. शेवटचे तीन संघ खालच्या लीगमध्ये जातात, यालाच रेलिगेशन म्हणतात. २०१६ मध्ये हीच लीग आणि २०२१ मध्ये एफए कप जिंकणारं लेस्टर २०२२-२३ मध्ये ३४ गुणांवर १८वं आलं. त्यांच्या बरोबर वर एव्हर्टन, ३६ गुण. म्हणजे फरक फक्त दोन गुणांचा.

आणि सगळी गंमत या दोन गुणांतच आहे. फरक इतका कमी असला की कुणाच्याही डोक्यावर खापर फोडा, ते बसतंच. १ मे २०२३ ला एव्हर्टनविरुद्ध लेस्टर २-१ ने पुढे असताना जेम्स मॅडिसनची पेनल्टी अडवली गेली. सामना २-२ सुटला. ती आत गेली असती तर ३-२, लेस्टर ३६, एव्हर्टन ३५, आणि लेस्टर वाचलं! हिशोब बरोबर आहे. पण तो करताना ३-१ झाल्यावरही एव्हर्टन पुढचा सगळा वेळ अगदी तसंच खेळलं असतं, असं आपण गुपचूप धरून चालतो. एक गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं, हे प्रयोगशाळेत कष्टानं जमवावं लागतं. मैदानावर ते फुकट मिळत नाही.

मॅनेजरवरून होणारं भांडण याहून मजेदार आहे. २ एप्रिलला ब्रेंडन रॉजर्स पायउतार झाले, तेव्हा २८ सामन्यांत २५ गुण होते. म्हणजे सामन्यामागे ०.८९. उरलेल्या १० सामन्यांत ९ गुण, म्हणजे ०.९०. 'बघा, मॅनेजर बदलून काही फरक पडला नाही!' थांबा. त्या दहातले पहिले दोन सामने हंगामी प्रशिक्षकांनी सांभाळले आणि दोन्ही हरले. डीन स्मिथचे आठच धरले तर ९ गुण, १.१३. आता स्मिथ हिरो, आणि रॉजर्सना उशिरा काढलं म्हणून मालक दोषी. पण रॉजर्सचा चाहता गप्प बसणार नाही. तो म्हणेल, पहिल्या सात सामन्यांत १ गुण मिळाला, कारण गोलकीपर कॅस्पर श्मायकेल गेला होता, फोफानाला चेल्सीला विकलं होतं आणि संघ विस्कटलेला होता. ते सात सोडा. उरलेल्या २१ सामन्यांत २४ गुण, १.१४. म्हणजे रॉजर्स स्मिथपेक्षा सरस!

तिघांनीही आकडे खरेच दिले, फक्त कात्री वेगवेगळ्या ठिकाणी लावली. 'पहिले तीन रीडिंग मशीन गरम होण्याआधीचे होते, म्हणून वगळले' हे वाक्य तुमच्या लॅबमध्येही ऐकू येईल. कारण खरंही असू शकतं. प्रश्न एवढाच, की वगळायचं हे निकाल बघण्याआधी ठरलं होतं की नंतर? आणि आठ सामने म्हणजे किती लहान नमुना, हे मी सांगायला नको. एक विजय इकडचा तिकडे झाला तर १.१३ चे ०.७५ होतात.

आता २८ मे, शेवटचा दिवस. लेस्टरनं आपलं काम केलं, वेस्ट हॅमला २-१ हरवलं. तिकडे गुडिसन पार्कवर ५७व्या मिनिटाला डुकुरेनं गोल केला आणि एव्हर्टन बोर्नमथविरुद्ध १-० जिंकलं. तो गोल झाला नसता तर दोघांचेही ३४ गुण होते आणि गोलफरकावर लेस्टर वर राहिलं असतं. रॉजर्स तेच, खरेदी-विक्री तीच, पेनल्टीही हुकलेलीच. तरी 'जबाबदार कोण' हा प्रश्न कुणी इतक्या त्वेषानं विचारला नसता. एव्हर्टनचंच बघा. जानेवारीत मॅनेजर हाकलला, अख्ख्या सीझनमध्ये फक्त ३४ गोल, तर लेस्टरचे ५१. त्यांचे निर्णय वाचल्यामुळे शहाणपणाचे ठरत नाहीत. पी-व्हॅल्यू ०.०४९ आली की पद्धत उत्तम आणि ०.०५१ आली की पद्धतीत खोट, हा आपल्याकडचा त्याचाच सख्खा भाऊ.

या सगळ्या गोंगाटात मला सगळ्यात दमदार वाटतो तो करारांबद्दल बोलणारा चाहता. टिलेमान्स आणि सोयुंजू यांचे करार संपत आले तरी त्यांना ना विकलं, ना बांधून ठेवलं. दोघेही सीझननंतर फुकटात गेले. २०२२ च्या उन्हाळ्यात नवा मैदानी खेळाडू आला तो एकटा वाउट फास. हा माणूस 'ते दोन गुण कुठे गेले' असं विचारतच नाही. सलग दोन वर्षं पाचवा आलेला संघ दोन गुणांसाठी तडफडायच्या जागी पोचलाच कसा, असं तो विचारतो. शिवाय हे तो सप्टेंबरमध्ये, निकाल लागायच्या आधी म्हणू शकत होता. बाकीच्यांचं कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

त्याच्याही दाव्यात एक भोक आहे: तुलना. करारांचा असाच घोळ घालून निवांत दहावे आलेले क्लब किती? ते मोजल्याशिवाय त्याचंही मत हे मतच. करार कधी संपतो ते बहुतेक वेळा जाहीर असतं, गुणतक्ते तर आहेतच. एमएस्सीच्या प्रोजेक्टला विषय शोधत असाल, तर हा घ्या. फक्त कोणते सीझन धरायचे ते डेटा उघडण्याआधी लिहून ठेवा, आणि तो कागद गाइडकडे द्या.