मोटार-शर्यतीचे प्रक्षेपण आणि बिडकीनचा रसिक

क्रीडा-प्रक्षेपण हा वाङ्मयसमीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न कोणी उपस्थित करील. परंतु घटना, निवेदक आणि श्रोता ही त्रयी जेथे आहे, तेथे निवेदनकलेचा विचार अप्रस्तुत ठरत नाही. मोटार-शर्यतीच्या बाबतीत तर तो अपरिहार्यच आहे. कारण निवेदनावाचून ही शर्यत प्रेक्षकाच्या मनात पूर्णत्वाने आकारासच येत नाही.

मराठवाड्यात व विदर्भात रूढ असलेला शंकरपट पाहावा. पट सरळ आणि आखूड असतो. जोडी सुटते आणि काही क्षणांत निकाल लागतो. कडेला उभ्या असलेल्या माणसास आरंभ, मध्य व अंत एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. याउलट ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटची एक फेरी 5.125 किलोमीटरांची आहे, आणि 2011 ते 2013 या तीन वर्षांत तेथे झालेल्या फॉर्म्युला वन शर्यती 60 फेऱ्यांच्या होत्या. सज्जात बसलेल्या प्रेक्षकास एखाद-दुसरे वळण तेवढे दिसते. कोणाचे टायर झिजले, ते बदलण्यास कोण केव्हा थांबणार, दोन गाड्यांतील अंतर फेरीगणिक किती घटले, हे त्यास सांगावेच लागते. म्हणून प्रक्षेपण हा येथे शर्यतीचा केवळ वाहक नसून बहुतांशी तिचा रचनाकार असतो.

ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे अपुऱ्या प्रक्षेपणाविषयी रसिकाची तक्रार निव्वळ हौशी माणसाची कुरकुर राहत नाही. भारतात 2022 च्या हंगामापर्यंत स्टार स्पोर्ट्स या वाहिनीवर फॉर्म्युला वन पाहता येई. करार संपल्यावर 2023 मध्ये ती दूरचित्रवाणीवरून नाहीशी झाली, आणि इंटरनेटवरील सशुल्क सेवा हाच अधिकृत मार्ग उरला. 2024 व 2025 या हंगामांचे हक्क फॅनकोडकडे गेले. तीही इंटरनेटवरीलच सेवा. जो वर्गणी भरतो त्यास पूर्वीपेक्षा अधिक दिसते, हे मान्य केले पाहिजे. परंतु वाहिन्या चाळताना सहज शर्यत दिसावी, कुतूहल जागृत व्हावे आणि त्यातून नवा रसिक घडावा, ही वाट मात्र बंद झाली. ज्यांस वर्गणी परवडत नाही त्यांच्या वाट्यास चार-पाच मिनिटांचे सारांश-चित्रण येते.

या सारांशाने नेमके काय हरवते? 12 डिसेंबर 2021 रोजी अबू धाबी येथे झालेल्या शर्यतीचे उदाहरण बोलके आहे. वेरस्टॅपेन व हॅमिल्टन हे समान गुणांनिशी तेथे उतरले होते, आणि 58 व्या, म्हणजे अखेरच्या फेरीत वेरस्टॅपेनने हॅमिल्टनला मागे टाकले. सारांश हा क्षण दाखवितो. परंतु हॅमिल्टनच्या गाडीचे टायर 14 व्या फेरीपासूनचे होते. 53 व्या फेरीतील अपघातानंतर वेरस्टॅपेनने नवे टायर घातले. आणि दोघांमधील, एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्यांनाच पुढे जाऊ देण्याचा वादग्रस्त निर्णय शर्यत-संचालकाने घेतला. ही कारणपरंपरा वगळली तर फलश्रुती उरते आणि कथानक लोपते. औत्सुक्य हे प्रतीक्षेतून परिपुष्ट होते. प्रतीक्षाच कापून टाकणाऱ्या संकलनात केवळ विस्मय शिल्लक राहतो.

दुसरी उणीव भाषेची आहे. पैठण तालुक्यातील बिडकीन हे गाव आज वाहन-उद्योगाच्या नकाशावर आले आहे. जवळच्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला. खुद्द बिडकीनच्या सुमारे 32 चौरस किलोमीटर औद्योगिक क्षेत्राचे लोकार्पण 29 सप्टेंबर 2024 रोजी झाले. या परिसरात गिअर, क्लच, ब्रेक, पिस्टन हे शब्द मराठी वाक्यात नित्य वावरतात. यंत्र समजणारा श्रोता येथे आहे. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारा शर्यतीचा समालोचक मात्र घडला नाही.

मराठीस ही विद्या असाध्य आहे, असे म्हणता येत नाही. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेटचे धावते समालोचन मराठीत करून श्रोत्यांचा कान घडविला. 2023 मध्ये आयपीएलचे इंटरनेटवरील प्रक्षेपण मराठीतूनही झाले. मोटार-शर्यतीचे प्रेक्षक थोडे आणि हक्क महाग, हा आक्षेप वस्तुस्थितीस धरून आहे. पण प्रेक्षक थोडे म्हणून प्रक्षेपण आकुंचित आणि प्रक्षेपण आकुंचित म्हणून प्रेक्षक थोडे, हे चक्र रसिकाने फोडावे अशी अपेक्षा करणे अन्याय्य होय. पूर्ण शर्यतीचे चित्र सर्वत्र विनामूल्य देणे शक्य नसेल, तर निदान तिचे ध्वनि-समालोचन मराठीत उपलब्ध करून देण्याचा प्रयोग व्हावयास हवा. दोन गाड्यांतील क्षणाक्षणाला घटणारे अंतर शब्दांनी ऐकविणे, ही मराठी निवेदनशैलीचीही परीक्षा ठरेल.