टेंपलरांचे 'पर्यायी' इतिहास आणि शब्दांची साक्ष

मध्ययुगीन युरोपातील धर्मयोद्ध्यांच्या संघांविषयी जे विपुल लेखन आजवर झाले आहे, त्यातील एक वर्ग स्वतःला 'पर्यायी' इतिहास म्हणवून घेतो. चर्चने लपविलेले आणि विद्यापीठीय इतिहासकारांनी उपेक्षिलेले सत्य आपण उजेडात आणीत आहोत, अशी या ग्रंथांची भूमिका असते. या लेखनाचा सर्वांत मोठा ओघ टेंपलर संघाकडे वळलेला आहे. डॅन ब्राउन यांची 'द दा व्हिंची कोड' ही कादंबरी २००३ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून तर हा विषय मराठी वाचकाच्याही कानांवरून गेला आहे. अशा ग्रंथांची विश्वसनीयता कशी ठरवावयाची, हा प्रश्न म्हणूनच केवळ युरोपीय इतिहासाच्या अभ्यासकांपुरता राहिलेला नाही. या कामी ज्या कसोट्या लावता येतात, त्यांपैकी शब्दाचे वय आणि शब्दाचा प्रवास या कसोटीचा विचार येथे प्रामुख्याने करावयाचा आहे.

प्रथम निर्विवाद गोष्टी ध्यानात घेणे इष्ट होईल. यरुशलेमच्या यात्रेकरूंच्या रक्षणासाठी ११२०च्या सुमारास हा संघ उदयास आला. ११२९ मध्ये त्र्वा येथील धर्मपरिषदेने त्याला मान्यता व नियमावली दिली. १२९१ मध्ये एकर पडले आणि पवित्र भूमीतील ख्रिस्ती सत्ता संपुष्टात आली. संघाच्या अस्तित्वाचे प्रयोजनही त्याबरोबर डळमळीत झाले. फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याच्या हुकुमावरून १३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्समधील टेंपलरांना पहाटे अटक झाली. ख्रिस्ताचा नकार, क्रुसावर थुंकणे, अश्लील चुंबने आणि मूर्तीची पूजा असे आरोप त्यांच्यावर होते. २२ मार्च १३१२ रोजी पोप पाचवा क्लेमेंट याने संघ विसर्जित केला. परंतु तो विसर्जित झाला तो दोषी ठरवून नव्हे, तर पोपच्या अधिकारातील विशेष आदेशाने. संघप्रमुख जाक द मोले याला १३१४च्या मार्चमध्ये पॅरिस येथे जिवंत जाळण्यात आले. यापुढील कथा येथूनच फुटते. एवढा बलाढ्य संघ एकाएकी कसा नाहीसा होईल, त्याचे गुपित कोठेतरी जिवंत असलेच पाहिजे, या अपेक्षेतून ती जन्म घेते.

अशा ग्रंथांची परीक्षा करताना सामान्यतः दोन कसोट्या लावल्या जातात, आणि त्या दोन्ही अपुऱ्या आहेत. पहिली लेखकाच्या पदवीची. योझेफ फोन हामर-पुर्गश्टाल हा आपल्या काळातील मोठा प्राच्यविद्यापंडित होता. हाफिजच्या दिवाणाचे त्याने केलेले जर्मन भाषांतर गटेने वाचले होते. पुढे १८४७ मध्ये तो व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीचा पहिला अध्यक्ष झाला. तथापि १८१८ मध्ये याच पंडिताने टेंपलरांना गूढ पंथाचे मूर्तिपूजक ठरविणारा प्रबंध लिहिला, आणि पुढील अनेक कल्पितांचा पाया घातला. दुसरी कसोटी निष्कर्षाच्या विचित्रपणाची. परंतु विचित्र वाटणारी गोष्ट खरी असू शकते. ज्या संघाला पोपने बुडविले, त्याच संघाच्या प्रमुखांना त्याच पोपच्या प्रतिनिधींनी पापमुक्त केले होते, हे विधान वरवर पाहता कादंबरीत शोभणारे आहे. परंतु ऑगस्ट १३०८ मधील शिनॉं येथील चौकशीचे चर्मपत्र बार्बारा फ्राले यांना २००१ मध्ये व्हॅटिकनच्या दप्तरात आढळले, आणि त्यात नेमके हेच आहे. तात्पर्य, लेखक कोण आहे आणि तो काय म्हणतो यांपेक्षा तो पुरावा कसा हाताळतो, हाच विश्वसनीयतेचा खरा प्रश्न होय.

या दृष्टीने 'बाफोमेट' या एका शब्दाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. टेंपलर ज्या मूर्तीची पूजा करीत असे म्हटले जाते, तिचे हे नाव. हामरने ते ग्रीक 'बाफे', म्हणजे बुडविणे, आणि 'मेतिस', म्हणजे प्रज्ञा, या दोन शब्दांपासून साधले व त्याचा अर्थ 'प्रज्ञेचा बाप्तिस्मा' असा लावला. इद्रीस शाह यांनी १९६४ मध्ये ते अरबी मानले, आणि 'बुद्धीचा पिता' अशा अर्थाच्या शब्दाशी जोडले. ह्यू शॉनफील्ड यांनी ते हिब्रू सांकेतिक लिपीत लिहून त्यातून 'सोफिया' हे ग्रीक नाव काढले. तिन्ही व्युत्पत्ती परस्परांना छेद देतात. पण तिन्हींचे फलित एकच, ते म्हणजे टेंपलरांजवळ गुप्त ज्ञान होते! ज्या पद्धतीने तीन भिन्न भाषांतून एकच इष्ट निष्कर्ष निघतो, त्या पद्धतीत निष्कर्ष शब्दातून निघत नसून तो आधीच ठरलेला असतो, हे उघड आहे.

शब्दाचे वय पाहिले म्हणजे हा सारा डोलारा कोसळतो. पहिल्या धर्मयुद्धातील आन्सेल्म द रिबमों या सरदाराने १०९८ मध्ये अँटिऑकहून लिहिलेल्या पत्रात हा शब्द येतो. नगराच्या बाजूने लढणारे तुर्क मोठ्याने ज्याचा धावा करीत होते, त्याचे नाव म्हणून. त्या वेळी टेंपलर संघ स्थापन व्हावयास वीस वर्षे अवकाश होता. १२६५च्या सुमारास ऑक्सितान भाषेत रिकॉ बोनोमेल या कवीने एक विलापकविता रचली. हा कवी स्वतः टेंपलर होता असे मानले जाते, आणि त्याच्या कवितेत हा शब्द शत्रूच्या पक्षाचा वाचक म्हणून आला आहे. ज्याची गुप्तपणे पूजा करावयाची त्याचे नाव कोणी अशा जाहीर तक्रारीत घालील, हे संभवत नाही. 'बाफोमेट' म्हणजे इस्लामच्या प्रेषितांच्या नावाचे दक्षिण फ्रान्समधील लोकांच्या तोंडी झालेले रूपांतर होय. अरबीतील घर्षक कंठ्य ध्वनी पश्चिमेकडील रोमान्स भाषांत 'फ'कार घेऊन येतो, याला इतर आधार आहेत. जुन्या पोर्तुगीजमध्ये त्याच नावाची 'माफामेद' आणि 'माफोमा' अशी रूपे आढळतात. खटल्याच्या कागदांत हा शब्द मोजक्या ठिकाणी येतो, आणि तो येतो दक्षिण फ्रान्समधील जबान्यांत, म्हणजे ही भाषा जेथे बोलली जात होती तेथे. मुसलमान मूर्तिपूजा करतात, असा तत्कालीन युरोपीय जनांचा अज्ञानमूलक समज होता. त्या समजाच्या पोटी 'शत्रूचे दैवत' ही कल्पना आली व तेथून ती आरोपपत्राच्या आसपास घोटाळू लागली. बोकडाचे मुख असलेले जे चित्र आज या विषयावरील पुस्तकांच्या वेष्टनांवर दिसते, ते तर एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवाद्याने १८५०च्या दशकात काढले.

यास्काचार्यांनी अर्थ सहजी उलगडत नसेल तेव्हा अक्षरसाम्यावरूनही निर्वचन करण्यास वाव ठेवला होता, हे खरे. परंतु तो वाव समोर असलेल्या शब्दाचा अर्थ लावण्यापुरता होता. नादसाम्यावरून शब्दाचे वळण फार तर सुचू शकते. त्यावरून घडलेली घटना सिद्ध होत नाही.

हाच न्याय 'सां ग्रेआल' या शब्दसमूहाला लावावा लागतो. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायकेल बेजेंट, रिचर्ड ली आणि हेन्री लिंकन यांच्या 'द होली ब्लड अँड द होली ग्रेल' या ग्रंथाने तो 'सांग रेआल', म्हणजे 'राजरक्त', असा तोडला आणि त्यावर ख्रिस्ताच्या वंशाची कल्पना उभी केली. परंतु बाराव्या शतकाच्या अखेरीस क्रेत्यां द त्र्वा याच्या अपुऱ्या राहिलेल्या काव्यात 'ग्राल' हे सामान्यनाम आहे. तेथे 'एक ग्राल' पुढे आणला जातो, म्हणजे एक पसरट भांडे. तेराव्या शतकाच्या आरंभी एलिनां द फ्रुआमों हा मठवासी या शब्दाचे लॅटिन रूप देऊन त्याचा तोच अर्थ सांगतो. 'राजरक्त' हा विग्रह इंग्रजी लेखनात पंधराव्या शतकात दिसू लागतो. म्हणजे जो विग्रह मूळ गुपिताची किल्ली म्हणून पुढे केला जातो, तो मूळ शब्दाहून सुमारे अडीचशे वर्षांनी लहान आहे. ग्राल व टेंपलर यांचा सांधाही असाच ललित वाङ्मयातला आहे. तेराव्या शतकाच्या प्रारंभी वोल्फ्राम फोन एशेनबाख याने आपल्या जर्मन काव्यात ग्रालच्या रक्षकांना टेंपलरांची आठवण करून देणारे नाव दिले. काव्यातील या नावाला साक्षीदाराचा दर्जा देता येणार नाही.

याच ग्रंथाचा दुसरा आधार म्हणजे 'प्रायरी ऑफ सायन' नामक संस्थेची गुप्त कागदपत्रे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ती नोंदलेली आहेत, यावर फार भर दिला जातो. परंतु ग्रंथालयाचा शिक्का कागद केव्हा दाखल झाला एवढेच सांगतो. कागद खरा आहे असे तो सांगत नाही. हे कागद तेथे पोहोचले १९६०च्या दशकात. या नावाची संस्था पिएर प्लांतार याने फ्रान्समध्ये रीतसर नोंदविली ती १९५६ मध्ये. तीमधील 'सायन' हे नाव जवळच्या एका टेकडीचे होते. संबंधित चर्मपत्रे फिलिप द शेरिझे याने बनविली होती, हेही पुढे उघड झाले. बाराव्या शतकात यरुशलेमच्या सायन टेकडीवर एक मठ खरोखरच होता, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. कारण बनावट कागदाचे बळ त्यात मिसळलेल्या अशा खऱ्या तपशिलातच असते.

अशा ग्रंथांच्या क्रियापदांकडेही अभ्यासकाने लक्ष द्यावे. एका प्रकरणात एखादी गोष्ट 'घडली असावी' अशी येते. पुढील प्रकरणात ती 'घडली असली पाहिजे' अशी होते. तिसऱ्यात ती 'घडली', आणि तिच्या आधारावर नवे 'असावी' उभे राहते. मधल्या पानांत कोणताही नवा पुरावा आलेला नसतो. बदललेला असतो तो केवळ क्रियापदाचा अर्थ. पेन्सिल घेऊन ही रूपे अधोरेखित करीत वाचले असता ग्रंथाचे बांधकाम डोळ्यांपुढे उभे राहते. अर्थात ही खोड पर्यायी इतिहासकारांपुरती मर्यादित नाही, आणि म्हणून ही कसोटी मान्यवर ग्रंथांनाही लावावी.

येथवरचा दोष पद्धतीचा झाला. परंतु त्याहून गंभीर असा एक दोष या लेखनात आहे. आपण टेंपलरांना न्याय देत आहोत, असा या ग्रंथांचा दावा असतो. मूर्ती खरीच होती, गुप्त विधी खरेच होते, मात्र त्यांचा अर्थ उदात्त होता, असे ते सांगतात. याचा अर्थ असा की फिलिपच्या वकिलांचे म्हणणे ते मान्य करतात आणि केवळ त्याची किंमत बदलतात. आता या म्हणण्याचा आधार काय? १३०७च्या अखेरीस पॅरिसमध्ये १३८ टेंपलरांच्या जबान्या झाल्या. त्यांतील केवळ चौघांनी आरोप पूर्णपणे नाकारले. हा आकडा भयंकर वाटतो. परंतु सायप्रसमध्ये १३१० साली ७६ टेंपलरांची चौकशी झाली, तेव्हा त्यांनी आरोप नाकारले. संघाबाहेरील साक्षीदारही त्यांच्या बाजूने बोलले. कबुलीजबाबांचा नकाशा संघाच्या मठांच्या नकाशाशी जुळत नाही. तो छळाच्या नकाशाशी जुळतो. पोंसार द जिझी या टेंपलराने १३०९च्या नोव्हेंबरमध्ये पोपच्या आयोगापुढे सांगितले की पुन्हा तशाच यातना दिल्यास आपण काय वाटेल ते कबूल करू. १२ मे १३१० रोजी पॅरिसजवळ ५४ टेंपलर जाळले गेले, ते आपला कबुलीजबाब मागे घेतल्याबद्दल. जे शब्द मागे घेण्यासाठी या माणसांनी प्राण दिले, तेच शब्द पर्यायी इतिहास त्यांचे गुह्य ज्ञान म्हणून त्यांच्या तोंडी पुन्हा घालतो. त्याची बंडखोरी वरवरची आहे. मुळात तो सरकारी पक्षाचाच साक्षीदार आहे.

संघाचा वारसा पुढे कोठे गेला, या जिज्ञासेत वावगे काहीच नाही. तिचे उत्तर दप्तरांत आहे. संघाची बहुतेक मालमत्ता १३१२ मध्ये हॉस्पिटलरांकडे देण्यात आली. पोर्तुगालमध्ये राजा दिनिस याच्या आग्रहावरून १३१९ मध्ये 'ऑर्डर ऑफ क्राइस्ट' हा नवा संघ पोपच्या संमतीने निघाला, व टेंपलरांची तेथील मालमत्ता त्याला मिळाली. राजपुत्र हेन्री १४२० मध्ये त्याचा प्रशासक झाला. १४५६ मध्ये पोपने सागरापलीकडील प्रदेशांवरील धार्मिक अधिकार याच संघाला दिला. १५१० मध्ये गोवा घेणारी पोर्तुगीज सत्ता या अधिकाराच्या छायेत पूर्वेकडे आलेली होती, आणि त्या संघाचा क्रूस तिच्या जहाजांच्या शिडांवर होता. टेंपलरांच्या वारशाचा एक धागा अशा रीतीने कोकण किनाऱ्यापर्यंत कागदोपत्री दाखविता येतो. यात गुपित नाही; सनदा, महसूल आणि सत्ता आहे. कदाचित म्हणूनच पर्यायी ग्रंथांना त्याचे आकर्षण कमी वाटते.

या ग्रंथांचे करावयाचे काय, याचे उत्तर मराठी अभ्यासकाला आपल्याच परंपरेत सापडेल. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढताना राजवाड्यांनी बखरींची कठोर तपासणी केली. पुढील संशोधकांनी बखरी टाकून दिल्या नाहीत. बखर कोणत्या काळाविषयी बोलते यापेक्षा ती कोणत्या काळात लिहिली गेली, हे आधी पाहावे, असा विवेक त्यांनी रूढ केला. त्याच विवेकाने पाहता हामरचा प्रबंध १८१८च्या मध्य युरोपाचे, म्हणजे गुप्त मंडळ्यांच्या धास्तीने पछाडलेल्या राज्यकर्त्यांच्या काळाचे, चांगले साधन आहे. १९८२चा ग्रंथ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील श्रद्धेच्या ओढाताणीचे साधन आहे. चौदाव्या शतकातील कैद्यांविषयी मात्र या दोहोंपैकी कोणाचीही साक्ष ग्राह्य धरता येत नाही. त्यांच्याविषयी बोलावयाचे तर त्यांच्या जबान्या, त्या कोणत्या परिस्थितीत घेतल्या गेल्या हे ध्यानात ठेवून, मुळातून वाचल्या पाहिजेत.