हजाराव्यांदा तीच गोष्ट

बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आवडीने वाचल्याचे चारचौघांत कबूल करण्याची आपल्याकडे रीत नाही. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे मूळ नाव असलेल्या या लेखकाने (1906–1996) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून त्या घरोघरी पोहोचल्या. वाङ्मयचर्चेत मात्र त्यांना उंबऱ्याबाहेरच ठेवले गेले. टीकाकारांचा निकाल ठरलेला: घटकाभराची करमणूक, जीवनापासून पळवाट.

मला हा निकाल अपुरा वाटतो. पळायचेच असेल तर माणूस नव्या मुलखात जाईल; त्याच ठिकाणी पुनःपुन्हा कशाला येईल? धनंजय आणि छोटू गुन्ह्याचा छडा लावणार, झुंजार दुर्जनाला गाठणार, काळा पहाड उन्मत्त धनिकाची खोड मोडणार, हे वाचकाला पहिल्या पानावरच ठाऊक असते. तरीही तो शेवटपर्यंत वाचतो.

याचे कारण आपल्या घरातच सापडेल. चिऊ-काऊची गोष्ट मुलाला रोज तीच हवी असते आणि आजीने एक शब्द इकडचा तिकडे केला तर ते रुसते. पाऊस येणार, शेणाचे घर वाहून जाणार, मेणाचे राहणार. आपले घर शाबूत आहे एवढे ऐकून ते निर्धास्त झोपते.

मोठ्या माणसाचा पाऊस निराळा असतो. कोर्टातली तारीख पुढे ढकलली जाते, उसने दिलेले पैसे बुडतात, दांडगाई करणारा उजळ माथ्याने हिंडतो, आणि दाद कोठे मागावी ते कळत नाही. अशा माणसाला एका बैठकीत न्याय झालेला पाहावयास मिळतो. ही भूक भाकरीसारखी रोजची आहे. भाकरी कालच्यासारखीच झाली म्हणून कोणी ताट दूर सारीत नाही. अर्नाळकरांची हजार पुस्तके खपली ती या भुकेमुळे, आणि तिला हलकी म्हणणे हा माणसाचा अपमान आहे.

तथापि या कथांची मर्यादाही येथेच आहे. त्यांतला गुन्हेगार पकडला गेला की संपतो. तो असा का झाला, हे विचारण्याची त्यांना सवड नसते. तसे विचारले तर दिलासा डळमळेल. याउलट, चिऊ-काऊची गोष्ट ऐकणारे मूल एके दिवशी अचानक विचारते, “मग काऊ कुठे गेला?” त्या प्रश्नापाशी निराळ्या वाङ्मयाची गरज सुरू होते. पण ज्याला आधी निर्धास्त झोप मिळाली आहे, त्यालाच तो प्रश्न सुचतो, असे मला वाटते. म्हणून घरातल्या कपाटात दोन्ही पुस्तके असावीत, आणि त्यांपैकी एक लपवून ठेवण्याची पाळी कोणावर येऊ नये.