‘चंद्रलेखा’: दोन नृत्यें

मोठ्या खर्चाच्या चित्रपटाविषयीं सुशिक्षित प्रेक्षकाचें मत बहुधा चित्रगृहाची पायरी चढण्यापूर्वींच ठरून गेलेलें असतें. जेथें हत्ती, घोडे आणि शेंकडों नर्तकी आहेत तेथें रस असावयाचा नाहीं, अशी आपली एक समजूत आहे. आणि ती खोटी ठरविण्याची तसदी असे चित्रपट फारसे घेतही नाहींत. ‘चंद्रलेखा’ या तामिळ चित्रपटाविषयीं आमचें मत अनेक वर्षें असेंच होतें. खर्चाचे आंकडे कानांवर आले होते, ढोलांवरील नृत्य तेवढें कोठें कोठें तुटक पाहिलें होतें, आणि तेवढ्यावर आम्हीं निकाल देऊन टाकला होता. अलीकडे संपूर्ण चित्रपट स्वस्थपणें पाहण्याचा योग आला. त्या निकालांतील अर्धी कलमें आम्हांस आतां परत घ्यावीं लागत आहेत.

मद्रासच्या जेमिनी स्टुडिओचा हा चित्रपट ता. ९ एप्रिल १९४८ रोजीं प्रकाशित झाला, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्याची हिंदी आवृत्ति निघाली. सुमारें पांच वर्षांचें काम आणि ३० लाखांच्या आसपास खर्च. त्या काळीं हिंदुस्थानांत एवढा पैसा कोणत्याच चित्रपटावर लागला नव्हता. दिग्दर्शन प्रथम टी. जी. राघवाचारी यांच्याकडे होतें. तें मध्येंच स्टुडिओचे मालक एस. एस. वासन यांनीं आपल्या हातीं घेतलें. वासन हे ‘आनंद विकटन्’ या तामिळ नियतकालिकाचेही मालक. वाचकाला अंकामागून अंक कसा धरून ठेवावा हें त्यांस पक्कें ठाऊक होतें. त्यांनीं चित्रपटाचें नांव आधीं जाहीर केलें आणि कथा मागाहून शोधावयास लावली, ही हकीकत प्रसिद्धच आहे. शोधतां शोधतां त्यांच्या कथाविभागाच्या हातीं लागली ती रेनॉल्ड्सच्या ‘रॉबर्ट मॅकेअर’ या कादंबरींतील एक धीट स्त्री. रेनॉल्ड्स हें नांव वाचून आमच्या जुन्या वाचकांना हंसूं आल्याशिवाय राहणार नाहीं. हरिभाऊ आपट्यांच्या ‘मधली स्थिति’वर ज्याची छाया पडली, तोच हा लंडनचा गोष्टीवेल्हाळ लेखक. पुण्याच्या वाचकाला ज्यानें रात्रीं जागविलें, त्यानेंच मद्रासच्या पडद्याला नायिका पुरवावी, हा योग गमतीचा खरा.

कथा थोडक्यांत अशी. म्हातारा राजा थोरल्या मुलाला, वीरसिंहाला, गादी देऊं पाहतो. धाकटा शशांक चिडून लुटारूंची टोळी उभारतो. वीरसिंहाचें मन चंद्रलेखा नांवाच्या एका खेड्यांतील नर्तकीवर जडलेलें असतें. शशांकाच्या दंगलींत तिचा बाप जखमी होऊन मरतो. ती पोरकी पोर वाद्यें वाजवीत फिरणाऱ्या एका मेळ्याबरोबर जाते, आणि तोही मेळा शशांकाची टोळी लुटते. पुढें वीरसिंहाचें गुहेंत कोंडलें जाणें, सर्कशींतील हत्तींनीं गुहेच्या तोंडावरची शिळा हलविणें, दोघांचा सर्कशींत व नंतर भटक्या लोकांत अज्ञातवास, आणि अखेर चंद्रलेखेचें शशांकाच्या हातीं सांपडणें, अशी ही धांव आहे. एम. के. राधा यांचा वीरसिंह सज्जन आहे, याहून अधिक कांहीं त्याच्याविषयीं सांगतां येण्यासारखें नाहीं. रंजन यांचा शशांक मात्र डोळ्यांसमोरून हलत नाहीं. त्याच्या चालण्यांत लवचिकपणा आहे, हंसण्यांत विष आहे, आणि तलवार धरलेला हात खरोखरीच शिकलेला आहे.

सर्कशीविषयीं आमचें जुनें मत कायम आहे. हत्तींनीं शिळा हलविली येथवर सर्कस कथेच्या उपयोगी पडली. पुढील कसरती, जनावरांचे खेळ आणि एन. एस. कृष्णन् व टी. ए. मधुरम् यांचा विनोद हीं सारीं तिकिटाच्या पैशाची परतफेड म्हणून दाखविलेलीं वाटतात. नायक-नायिका जिवाच्या भीतीनें लपून बसलीं आहेत हें आपण विसरतों, आणि दिग्दर्शकही विसरला असावा अशी शंका येते. कथेला थांबवून दाखविलेला भपका कितीही नेत्रसुखद असला तरी तो भपकाच.

परंतु याच चित्रपटांत भपका आणि कथा एकजीव झाल्याचें उदाहरण आहे, आणि तें तुटक पाहणाऱ्याच्या लक्षांत येणें शक्य नाहीं. ढोलनृत्याचा अर्थ त्या नृत्यांत नाहीं. तो बऱ्याच आधींच्या एका प्रसंगांत आहे. मेळा लुटल्यावर शशांक चंद्रलेखेला नाचण्याची आज्ञा करतो. ती नाचत नाहीं. चाबकाचे फटके बसतात, आणि मग ती नाचते. तें नृत्य आम्हांस पाहवलें नाहीं, आणि तें पाहवूं नये अशीच त्याची योजना आहे. कला आहे, पण कलावतीची इच्छा नाहीं. जिची विद्या हेंच जिचें सर्वस्व, तिच्यापासून तें सर्वस्व हिसकावून घेण्याची याहून नेमकी तऱ्हा कोणती?

यानंतर तोच मनुष्य राजा झाला आहे, आईबाप कैदेंत आहेत, आणि चंद्रलेखा पुन्हां त्याच्या ताब्यांत आहे. आतां तो चाबूक उगारीत नाहीं, तिचें मन वळवूं पाहतो. तो जवळ आला कीं ती मूर्च्छा आल्याचें सोंग करते. हा प्रसंग विनोदी म्हणून घेतलेला आहे आणि प्रेक्षक हंसतातही. पण त्या हंसण्याखालीं एका अबलेचें म्हणविणाऱ्या शरीराचें मोठें चातुर्य आहे. फटक्यांनीं जें शरीर वळविलें गेलें, तें आतां आपल्या धन्याच्या हुकुमाशिवाय शुद्धीवर येत नाहीं, आणि धनी ती स्वतः आहे. मग तिची सर्कशींतील सखी वैदूच्या वेषांत येते, बंद दाराआड मसलत होते, रोग बरा होतो, आणि वधू विवाहास संमति देऊन एकच मागणें मागते: लग्नांत ढोलांवरचें नृत्य व्हावें.

येथें दुसरें नृत्य येतें. राजवाड्यासमोर प्रचंड ढोलांच्या ओळी, त्यांवर नर्तकींचे तांडे, मध्यें चंद्रलेखा, आणि कौतुकानें पाहणारा शशांक. पहिल्यानें त्यानें नाचविलें म्हणून ती नाचली. आतां ती नाचते म्हणून तो बसून राहतो. ढोलांच्या पोटांत वीरसिंहाचे सैनिक दडलेले आहेत हें प्रेक्षकाला कळतें तेव्हां मागचें सगळें नृत्य एका क्षणांत निराळें दिसूं लागतें. ट्रॉयच्या लांकडी घोड्याची आठवण कोणासही होईल. आम्हांस तर लग्नाच्या वरातीच्या मिषानें लाल महालांत झालेल्या प्रवेशाची आठवण झाली. फरक इतकाच कीं, येथें शत्रूच्या डोळ्यांवर पडदा टाकणारी वस्तु म्हणजे तीच कला आहे, जी त्यानें चाबकानें वसूल केली होती. ए. के. शेखर यांच्या भव्य नेपथ्याला आणि कॅमेऱ्याच्या दूरवरून टिपणाऱ्या दृष्टीला येथें काम मिळालें आहे. ढोल लहान असते तर सैनिक मावले नसते!

या ठिकाणीं ‘मृच्छकटिका’ची तुलना सुचते. तेथें शकार, येथें शशांक. तेथें राज्यक्रांति, येथेंही ती. वसंतसेनेचा गळा शकार दाबतो आणि एक भिक्षु तिला वांचवितो. शेवटीं नव्या राजाच्या कृपेनें तिला वधूपद मिळतें. चंद्रलेखा कोणाच्या कृपेची वाट पाहत नाहीं. राज्य उलटविण्याची वेळ तिच्या पायांच्या ठेक्यावर ठरते. शूद्रकाची काव्यशक्ति या पटकथाकारांपाशीं नाहीं हें सांगावयास नको. नायिकेच्या कर्तृत्वाबाबत मात्र मद्रासची ही रंगीबेरंगी कथा त्या थोर नाटकाच्या पुढें एक पाऊल गेली आहे, असें आम्हीं संकोच सोडून म्हणतों.

तें पाऊल पुढें टिकत नाहीं, हीच आमची खरी तक्रार. सैनिक बाहेर पडतांच पडदा दोघां भावांच्या तलवारींच्या ताब्यांत जातो. तें द्वंद्व लांबलचक आहे, उत्तम आहे, आणि रंजन यांच्यामुळें तें क्षणभरही सैल पडत नाहीं. पण ज्या लढाईची आखणी चंद्रलेखेनें केली, त्या लढाईच्या कडेला ती सरकते, आणि परत येते ती राणी म्हणून. आणखी एक गोष्ट कथेनें हळूच बाजूस ठेवली आहे. मद्रास प्रांतांत देवदासी वाहण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा झाला तो १९४७ सालीं, म्हणजे या चित्रपटाच्या आदल्याच वर्षीं. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची कलाक्षेत्र संस्था १९३६ पासून नृत्य घरंदाज मुलींच्या अंगणांत आणीत होती. नर्तकीनें राजाची सून व्हावें कीं नाहीं, हा प्रश्न त्या वेळच्या प्रेक्षकाला कल्पनेंतला नव्हता. चित्रपटानें तिला खेडें दिलें, बाप दिला, आणि प्रश्नाला वाटेंतच निरोप दिला. तो विचारला असता तर त्या दुसऱ्या नृत्याला आणखी धार आली असती.

एस. राजेश्वर राव यांचें संगीत कर्नाटकी, हिंदुस्थानी आणि पाश्चात्य चालींत मोकळेपणानें फिरतें. शुद्धतेच्या अभिमान्यांना तें रुचणार नाहीं, आम्हांस ढोलांपुरतें तरी रुचलें. हिंदी आवृत्तीनें मद्रासच्या निर्मात्यांना उत्तरेची बाजारपेठ उघडून दिली, हें तिचें महत्त्व निराळें. पहिला तामिळ बोलपट ‘कालिदास’ १९३१ सालीं मुंबईंत, अर्देशीर इराणी यांच्या कंपनींत तयार झाला होता; सतरा वर्षांनीं मद्रासनें मुंबईला ही उलट भेट पाठविली. तिच्या पाठोपाठ रंजन ‘निशान’ (१९४९) आणि ‘मंगला’ (१९५०) या हिंदी चित्रपटांत प्रमुख भूमिका करूं लागले.

चंद्रलेखेचें काम टी. आर. राजकुमारी यांनीं केलें आहे. त्यांच्या मुद्रेंत सौंदर्याच्या जोडीला एक सावध थंडपणा आहे, आणि मूर्च्छेच्या प्रसंगांत तो फार कामीं आला आहे. पुढें त्यांनीं मद्रासच्या त्यागरायनगरांत आपल्याच नांवाचें चित्रगृह बांधलें. तें आतां उभें नाहीं.