तपास सीबीआयकडे, पण कधी?

आमचं युसूफ वडगाव केज तालुक्यातलं. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला, तेव्हापासून पारावर एकच वाद: तपास द्यायचा कुणाकडं? सरकारनं सीआयडीकडं दिला. पण सीआयडी गृहखात्याचीच ना!

कोर्टाची कसोटी २०१० च्या पश्चिम बंगाल खटल्यातली. पाच न्यायमूर्ती म्हणाले, राज्याची संमती नसली तरी उच्च न्यायालय तपास सीबीआयकडे देऊ शकतं, मात्र क्वचितच: तपासाची विश्वासार्हता, देशपातळीवरचे परिणाम किंवा संपूर्ण न्याय यांसाठी गरज पडली तर. मी विज्ञानाचा विद्यार्थी. मला या कसोटीत वेळच सापडत नाही. पुरावा तर दिवसागणिक विरतो.

डॉ. दाभोलकरांचा खून ऑगस्ट २०१३ चा. मुंबई उच्च न्यायालयानं तपास सीबीआयकडे दिला मे २०१४ मध्ये. निकाल मे २०२४: दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. सूत्रधार शोधण्यात पुणे पोलीस आणि सीबीआय दोघंही कमी पडले, असं न्यायाधीशांनीच नोंदवलं. म्हणजे नुसती यंत्रणा बदलून भागत नाही. उशिरामुळंच असं झालं, हेही एका खटल्यावरून म्हणता येणार नाही (गाईड इथंच पकडतात). म्हणून मी सध्या प्रत्येक निकालातून आधी एकच आकडा काढतो: गुन्हा ते हस्तांतराचा आदेश, दिवस किती.